हँडलवरची पिशवी

निफाडच्या अलीकडे, द्राक्षबागांच्या मधोमध आमचं विजेचं सबस्टेशन आहे. मी तिथे ऑपरेटर. शिफ्टला दोन माणसं मंजूर आहेत, प्रत्यक्षात मी एकटी. दुसऱ्या माणसाचं विचारलं की "प्रक्रिया चालू आहे" हे उत्तर ठरलेलं. माझी मुलगी पाचवीत होती तेव्हापासून ती चालू आहे. मुलगी आता कॉलेजात जाते. बाथरूमला कडी नव्हती. तीन अर्ज केले, शेवटी नाशिकहून येताना मीच एक विकत आणून बसवली, तर "विनापरवानगी बदल का केला" म्हणून मलाच विचारणा झाली. असो.

मला बोलायचंय ते परमिट बुकाबद्दल. वायरमन खांबावर चढणार असेल तर आधी मी त्या लाइनचा ब्रेकर बंद करून वीज तोडायची, परमिट बुकात लिहायचं आणि दोघांनी सह्या करायच्या. तो उतरून, परत येऊन सही करेपर्यंत ब्रेकरच्या हँडलला कोणी हात लावायचा नाही. साधा नियम आहे, आणि माणसाचा जीव त्यावरच असतो. तर आमचं बुक संपलं. मागणी पाठवली. बुक आलं नाही. "सुरक्षा प्रथम" असा भलामोठा फ्लेक्स आला, साहेबांच्या फोटोसकट. साध्या वहीत रेघा मारून लिहू का, असं विचारलं, तर छापील बुकाशिवाय नोंद ग्राह्य धरली जाणार नाही असं कळवलं.

मग वायरमननीच तोड काढली. पन्नाशीचे, कंत्राटी, विंचूरकडचे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. ब्रेकर बंद झाला की ते आपली डब्याची पिशवी पॅनलवरच्या त्या हँडलला अडकवायचे. "ताई, ही पिशवी म्हंजे मी. माझ्याबिगर कोणी काढायची नाय." वर चढल्यावर खिशातून पडू नये म्हणून मोबाइलही पिशवीतच ठेवायचे. दीड वर्ष आमचा कारभार असा पिशवीवर चालला आणि, सांगायला लाज वाटते, चांगला चालला.

मार्चमधली सकाळ होती. बाभळीची फांदी तारांवर पडलेली. मामा पिशवी अडकवून गेले आणि मी यार्डात ट्रान्सफॉर्मरचं तापमान बघायला गेले, कारण तासाची नोंद चुकली की तेही माझ्याच माथी. परत येते तर माझ्या खुर्चीत मोठे साहेब. स्वच्छता मोहिमेची अचानक तपासणी. सोबतचा एक जण पॅनलचे फोटो काढत होता, आणि हँडल मोकळं होतं.

"लाइन का बंद आहे? अर्धा तास झाला. लगेच चालू करा," साहेब म्हणाले.

मला वाटलं, मामा येऊन गेले. हँडल मोकळं म्हणजे काम झालं, ही दीड वर्षाची सवय. मी हात घातलासुद्धा. तेवढ्यात दारामागे केरसुणीवर टाकलेली पिशवी दिसली. मामा अन्न असं टाकणार नाहीत.

"ही कोणी काढली?"

"मी काढायला लावली. सरकारी पॅनल आहे की घरातली खुंटी?"

"सर, माणूस लाइनवर आहे."

"परमिट दाखवा."

"बुकच नाही, सर. दीड वर्ष मागतोय."

"मग? परमिट नाही म्हणजे माणूस नाही. चालू करा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मामांनीच सांगावं म्हणून मी त्यांना फोन लावला. तो दारामागे पिशवीत वाजला. सगळ्यांनी तिकडे बघितलं. मी पॅनलपुढे उभी राहिले आणि म्हटलं, "चालू करायची असेल तर तुमच्या हाताने करा." धाडस वगैरे काही नव्हतं. साहेब उठले, "सगळं नियमात बसवा" म्हणाले आणि गाडीत बसून गेले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना खाली उतरायची गरजच काय!

मामा वीस मिनिटांनी आले. मी काय झालं ते सांगितलं. ते भिंतीला टेकून खाली बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

चार दिवसांनी मला नोटीस आली: पॅनलची अस्वच्छता आणि लाइन चालू करण्यात हयगय. मी दोन पानं खरा खुलासा लिहिला. आमच्या ज्युनिअर इंजिनीअरांनी तो वाचून बाजूला ठेवला. माणूस वाईट नाही, तीन ठिकाणचा कार्यभार एकट्यावर आहे. "ताई, हे पाठवलं तर पहिला प्रश्न येईल, परमिटशिवाय माणूस चढलाच कसा? साहेबांना काही होणार नाही. मामा मात्र उद्या घरी बसतील. तांत्रिक कारण लिहा."

मी लिहिलं. साहेबांचा राग येतो, पण त्या दोन शब्दांचा त्याहून जास्त येतो, कारण खाली सही माझी आहे. खुलासा मान्य झाला. बुक अजून आलेलं नाही.

गेल्या आठवड्यात मी घरी निघाले तर मामा फाटकाशी थांबले होते. "ताई, उद्या वस्तीवरच्या लाइनवर चढायचंय. तुमचीच ड्यूटी हाय ना?"

माझी सुट्टी होती, महिन्यापूर्वी मंजूर झालेली, आणि बदलीवर येणाऱ्याला पिशवीचा अर्थ ठाऊक नव्हता. म्हटलं, "परवा चढा ना, मामा."

"उद्याच पाहिजे म्हंतेत. वरून फोन हाय."

त्यांनी डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मी परत आत गेले आणि सुट्टी रद्द करण्याचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात "वैयक्तिक" असं लिहिलं.