मीटरमधला दुपारचा डोंगर

पुसदजवळच्या त्या तांड्यात रामधन राठोडांइतकं विजेला जपणारं माणूस दुसरं नव्हतं. फक्त त्यांची मोजणी कानाने चालायची. जे जास्त आवाज करतं ते जास्त वीज खातं, ही त्यांची जन्माची समजूत. त्यामुळे घरात मिक्सरला बंदी, आणि सून बबिताने शिलाई मशीनसाठी आणलेली मोटर, पहिली घरघर ऐकताच, दोन वर्षांपासून माळ्यावर. पायाने मशीन हाकून पोट कसं भरणार? म्हणून तीन वर्षांच्या लेकीला शेजारच्या बसंतीबाईंकडे सोडून बबिता रोज पुसदला एका टेलरकडे शिवायला जायची. पोर दारात रडायची आणि बबिता मनातल्या मनात सासऱ्यांवर चरफडायची.

उन्हाळ्यात स्मार्ट मीटर बसला. मोबाइलवर तासातासाची वीज दिसू लागली तशी बबिता थक्क झाली. सकाळची इस्त्री, संध्याकाळचा टीव्ही, सगळ्या घराचा दिवस तिच्या तळहातावर मांडलेला. पण दुपारी बारा ते दोन, घरात म्हातारा एकटा असताना, आलेखात रोज एक उंच डोंगर दिसे. आम्हाला मिक्सर नाही आणि यांची चैन चाललीय, असं म्हणत एका शनिवारी ती दुपारीच घरी परतली.

रामधन मागच्या विहिरीपाशी भर उन्हात उभे होते. विहिरीत बुडवलेल्या मोटरचा पाइप त्यांनी कुंपणावरून रस्त्याकडच्या हौदात सोडला होता, आणि हौदावर कुण्या अनोळखी मेंढपाळाची दीडदोनशे मेंढरं तुटून पडली होती.

"आपले बुढे बैलाईवर मीठ लादून गावोगाव फिरत," ते ओशाळून म्हणाले. "वाटंनं कोनाच्याही विहिरीचं पानी भेटे. तेच फेडून राह्यलो. अन् ह्या मोटरले वीज लागत नाही, आवाजच नाही तिचा."

बबिताला भरून आलं. ज्यांना ती चिक्कू समजत होती ते हे. खरं सांगावं तर मुक्या जनावरांचं पाणी तुटेल, न सांगावं तर शिलाईची मोटर माळ्यावरच आणि लेक रडतच राहील. बराच वेळ तिने मोबाइल पदराआड धरला. शेवटी डोंगर दाखवला. मग माळ्यावरची मोटर काढून तासभर मशीन चालवलं आणि त्या तासाची रेघ दाखवली. ती जेमतेम बोटभर उठली होती.

रामधनांनी पडद्यावरच्या दोन्ही रेघांवर बोट फिरवून पाहिलं. नंतर उठून विहिरीकडे गेले.

सोमवारी बबिता पिशवी घेऊन निघाली, तर शिलाईची मोटर रामधनांनी मशीनला घट्ट बसवलेली. बाजूला लेक खेळत होती. बबिताला आनंदही होईना. तिने भीत भीत हौदाचं विचारलं.

"चालूच राहीन," रामधन पाइप खांद्यावर घेत म्हणाले. "आतालोक फुकटचं समजूनच देऊन राह्यलो होतो, बाई. आता कुठी देलं म्हनता येईन."