बसऱ्याची देवी

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात याआधी कुणी काही लिहिलेलं नाही, आणि शाळेतले निबंध सोडले तर मीही नाही. ही हकिकत माझ्यापेक्षा चांगली सांगणारी माणसं वाडीत आहेत. पण ती सांगतात, लिहीत नाहीत. मुंबईला गेलेल्या आपल्या लोकांपर्यंत पोचेतो ती अर्धी होते. म्हणून वाडीत राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठी मीच लिहायला घेतली. चुकलं तर वडीलधाऱ्यांनी कान धरावा.

मी घर सोडलं तेव्हा वरंधचा घाट बंद होता, म्हणून पोलादपूरहून महाबळेश्वरमार्गे पुण्याची एसटी धरायची होती. नवीन ट्रॉली बॅगेची चाकं पायवाटेच्या चिखलात फिरेनात, तेव्हा बाबांनी ती सरळ डोक्यावर घेतली आणि स्टँडपर्यंत आणली. लोक बघत होते. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचीही लाज वाटत होती. गाडी लागली तेव्हा बाबा म्हणाले, "जा. मी हाय तवर घराची काळजी नाय. माझ्यामागं मात्र बघ."

कुठलाही बाप असं बोलेल. पण आमच्या घरात त्या वाक्याचा अर्थ वेगळा आहे.

माझे खापरपणजोबा धोंडूबा पहिल्या महायुद्धात सैन्यात गेले. वाडीतून उतरून महाडला चालत गेले, तिथून मुंबई, तिथून बोटीनं इराकात, बसऱ्याला. एवढंच घरात माहीत. निघताना बायकोला सांगून गेले, "दाराला कडी लावू नको, मी कवाबी येईन." आसपासच्या गावांतून गेलेले काही परत आले, काहींची खबर आली. धोंडूबांचं दोन्ही नाही. त्यांच्या बायकोनं, भागाबाईनं, दाराची आतली कडी उपटून टाकली आणि मरेपर्यंत कुंकू लावलं. तेव्हापासून आमच्या दाराला आतून कडी नाही. दिवेलागणीला दाराला आतून एक वरवंटा टेकवतात, तोही कुत्र्यामांजरासाठी. मधूनच वाऱ्यानं तो सरकतो. आई मान वर न करता म्हणते, "ये बाबा, घर तुझंच हाय," आणि भाकरी थापत राहते.

त्याबरोबर एक नियमही आला. थोरल्या मुलानं घराबाहेर मुक्काम करायचा नाही. धोंडूबा आले तर ओळख पटवायला थोरला घरात पाहिजे. पणजोबांनी तो पाळला, आजोबांनी पाळला. बाबांना महाडच्या एमआयडीसीत कायम करत होते, पण रात्रपाळी होती. त्यांनी नोकरी सोडली आणि शेतीच केली. धाकटे नाना मुंबईला गेले, फ्लॅट घेतला. बाबा नानांच्या लग्नालासुद्धा संध्याकाळी परत फिरले होते. नाना अजून टोमणा मारतात, "आमच्या दादाचा हनिमून पण वरवंट्याशेजारीच झाला."

मी थोरला. बारावीला मार्क पडले तेव्हा बाबांनीच मला काढून दिलं. ते आहेत तोवर मी मोकळा. त्यांच्यामागे मात्र मी.

हॉस्टेलवर पहिले कित्येक महिने मी कडी न लावताच झोपायचो. माझा रूममेट सोलापूरचा. तो वैतागायचा, "कडी लाव की बे! लॅपटॉप गेला म्हणजे तुझा बाप देणारे का?" मी उठून लावायचो, आणि मग कितीतरी वेळ दाराकडे बघत पडायचो. कुणाला तरी बाहेर ठेवलंय असं वाटायचं.

आता शिमग्याचं सांगितलं पाहिजे. आमच्याकडे पालखी घरोघर येते. अंगणात गुरवकाका गाऱ्हाणं घालतात आणि शेवटी घरातल्या बाहेर गेलेल्या माणसांची नावं घेतात, देवीनं त्यांना सांभाळावं म्हणून. एकेक नाव घ्यायचं, आणि त्या माणसाच्या वतीनं घरातल्या कुणीतरी "हाय" म्हणायचं. गेलेला म्हणजे मेलेला नव्हे, आहे, एवढं देवीला कळावं. आमच्या घरची नावं धोंडूबांपासून सुरू होतात. मग मुंबईची मंडळी, त्यातली जी आली नसतील ती. लहानपणी मी पालखीच्या गोंड्याला हात लावायला धडपडायचो. धोंडूबांचं नाव आलं की मागून कुठून तरी सावकाश "हाय" यायचं. दरवर्षी. मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

देव्हाऱ्यात एक देवी आहे. तळहाताएवढी गोल पितळी, आम्ही तिला बसऱ्याची देवी म्हणतो. लढाई संपल्यावर सरकारकडून ती धोंडूबांच्या नावानं आली. पाटलानं आणून भागाबाईच्या हातात दिली. उभी बाई, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह. भागाबाईनं ती कपाळाला लावली आणि म्हणाली, त्यानंच धाडली. ज्याला देवी धाडायची आठवण राहिली तो जिवंत आहे. तेव्हापासून ती पूजेत आहे. नवरात्रात तिला शेंदूर चढतो. पिढ्यान्‌पिढ्या चढून तिच्या कडा बुजल्या होत्या, बाई आणि सिंह तेवढे गाठीसारखे वर दिसत.

कॉलेजात दुसऱ्या वर्षी इतिहासाच्या मॅडमनी घरच्या कागदांवरून एका पूर्वजाचं चरित्र मांडायला सांगितलं. मुलांनी इनामपत्रं आणली, फोटो आणले. माझ्याकडे एक सातबारा, ज्यावर अजून धोंडूबांचं नाव आहे, कारण मेल्याची नोंद नाही तर वारस कसे लागणार? मॅडमना तो आवडला. त्या म्हणाल्या, युद्धात गेलेल्यांच्या घरी कायकाय यायचं ते बघ. लायब्ररीत एक जाड पुस्तक होतं. पान उलटलं आणि समोर आमची देवी.

तोच त्रिशूळ, तोच सिंह. फोटोत शेंदूर नव्हता, म्हणून कडेची अक्षरं स्वच्छ दिसत होती. खाली लिहिलं होतं, की ही बाई म्हणजे इंग्रजांच्या देशाचं प्रतीक, आणि ही चकती लढाईत मेलेल्या सैनिकाच्या घरी पाठवत. फक्त मेलेल्याच्या. देव्हाऱ्यासमोर हात जोडून उभा असलेला मी, बाबा, आजोबा, त्यांच्यामागे कुंकू लावलेली भागाबाई, अशी ओळच्या ओळ मला दिसायला लागली. आम्ही सगळे काय मागत होतो, आणि कुणाकडे!

दिवाळीला गेलो तेव्हा बाबांना सांगितलं. शेंदूर काढायचा म्हटल्यावर आई मागं सरली. "देवीला खरवडतात काय रे?" बाबा म्हणाले, "देवी असंल तर माफ करंल. नसंल तर कळंल."

कोमट तेलानं शेंदूर मऊ केला. काठाकडून एकदम मोठी खपली निघाली, आणि बाईच्या शेजारी चौकटीत अक्षरं दिसली. मी एकेक अक्षर लावत गेलो. धोंडू. पुढे त्यांच्या बापाचं नाव, वेड्यावाकड्या स्पेलिंगमध्ये. मग कडेनं फिरत जाणारं वाक्य. बाबा वाकून बघत होते. त्यांना एबीसीडी येत नाही.

"काय लिवलंय?"

"मेला म्हणून लिहिलंय, बाबा. स्वातंत्र्यासाठी आणि मानासाठी मेला."

"कुनाच्या स्वातंत्र्यासाठी?"

मी उरलेला शेंदूर पुसत राहिलो. पाटलानं भागाबाईला सांगितलं नसेल, की त्यालाही वाचता आलं नसेल, की सांगूनही तिनं ऐकलं नसेल, हे आता कळायला मार्ग नाही. धोंडूबांची खबर पहिल्यापासून घरातच होती. तिला रोज फूल वाहिलं जात होतं. वाचणारा तेवढा घरात नव्हता.

बाबा ओसरीवर जाऊन बसले. एमआयडीसीची रात्रपाळी त्यांच्या मनात आली असेल, मी विचारलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली.

"मग शिमग्याला हाय कोन बोलतं रे?"

"तुम्हीच ना?"

"मी नाय. मी समजतो, नाना बोलतो."

नानांना तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. "मी?" नाना हसले. "मी तर सगळी वर्षं दादाचाच आवाज समजतोय. बोलतो पण कसा, खालून आल्यासारखा." मग तेही हसायचे थांबले. त्यांच्या मोबाइलवर आदल्या शिमग्याचा व्हिडिओ होता, तो त्यांनी पाठवला. पण कॅमेरा पालखीवर होता, माणसांवर नाही. गुरवकाका धोंडूबांचं नाव घेतात. ढोल थांबलेला. मागून सावकाश, जरा दमलेला आवाज येतो, "हाय." आई म्हणाली, आवाज घरचाच आहे. कुणाचा ते तिलाही सांगता येईना.

पुढच्या अमावास्येला सावित्री नदीच्या काठी दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी दिला. पिंड ठेवला. कावळा काही शिवला नाही. भटजी म्हणाले, इतक्या वर्षांचं आहे, चालतं. बाबांनी पोलादपूरच्या बाजारातून नवी कडी आणली आणि स्वतः दाराला ठोकली. गुरवकाकांना सांगितलं, यंदापासून धोंडूबांचं नाव मेलेल्यांत. मला म्हणाले, "सुटलास. आता कुठंबी ऱ्हा."

मी सुटलो होतो. पुण्याच्या गाडीत मी स्वतःला ते पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं, पण ज्याची वाट बघायची तोच नाही तर ते घर नक्की कशासाठी आहे, ते कळेना. हॉस्टेलवर आता मीच आधी कडी लावायचो. सोलापूरकर म्हणाला, "शहाणा झालास की."

यंदा शिमग्यात माझी परीक्षा आली. पहिल्या वर्षी शिमग्याला मी गावी होतो. म्हणजे बाहेर गेलेल्यांत माझं नाव यंदा पहिल्यांदा यायचं होतं. पालखीच्या दिवशी संध्याकाळी मी मेसच्या पायरीवर बसून फोनची वाट बघत होतो. बाबांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"धोंडूबांचं नाव नाय घेतलं. ठरल्यापरमानं."

"बरं झालं."

"मग तुझं घेतलं. पयलंच. त्यांच्या जागेवर."

"तुम्ही हाय म्हणालात ना?"

मागे ढोल पुढच्या अंगणात गेल्याचं ऐकू येत होतं.

"मी तोंड उघडायच्या आत बोललं कोनतरी. नाना माझ्या तोंडाकडं बघत होता, मी त्याच्या. आवाज तोच रे. पन या टायमाला दमलेला नव्हता."

मी विचारलं, दार नीट लावून घेता ना.

"कडी काढलीय मी," बाबा म्हणाले. "तू कवाबी येशील."