कंबर आधी, हात मागून

बंदर वाढलं, खाडीतली मासळी आटली, तेव्हा न्हावा शेव्याजवळचा शिवदास पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायचा सोडून गोल्फच्या मैदानावर कॅडी म्हणून लागला. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या काठ्या खांद्यावर वाहिल्या, पण स्वतः चेंडूला काठी लावली नाही. कॅडीनं मारायचं नाही, असा नियमच होता. सोबतच्या काळूराम कॅडीनं एकदा दोन चेंडू मारले, कुणीतरी मोबाइलवर टिपलं, आणि दुसऱ्या दिवशी काळूराम घरी.

एका सभासदाचा चेंडू सारखा उजवीकडे पळत होता. शिवदास रिकाम्या हातांनीच दाखवत होता, "हातानं ओढू नका साहेब. आधी डाव्या पायावर या, कंबर फिरवा. हात आपसूक येतात." मान वळवली, तर नवे प्रशिक्षक ओंकार सर मोबाइल धरून उभे.

"काय काढलंत सर?"

"काही नाही, सहज."

शिवदासच्या मनात पाल चुकचुकली.

आठवड्यानं सरांनी काठी पुढे केली. "मारा एक."

"नोकरी घालवायची हाय काय माझी? लिहून द्या."

तिसऱ्या दिवशी क्लबच्या सचिवांच्या सहीची परवानगी आली. शिवदासनं ती मुलीकडून, जागृतीकडून, दोनदा वाचून घेतली. तरी मैदानावर पहिलं वाक्य हेच, "मोबाइल पिशवीत टाका."

मग त्यानं काठी मागे नेली. वजन डाव्या पायावर आलं, कंबर उघडली, मागून खांदे वळले. उजवं कोपर बरगडीला घासून खाली आलं आणि मनगटं अगदी शेवटी सुटली. चेंडू सरळ गेला.

सर बाकावर टेकले. "माझी कंबर गेलीय, शिवदास. सांगता येतं, करून दाखवता येत नाही. म्हणून तुमचं चित्रण केलं, मुलांना दाखवायला."

"मग तवाच का न्हाय बोललात?"

"तुम्ही ऑफिसात सांगाल आणि माझी नोकरी जाईल, असं वाटलं."

शिवदासला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. पुढे सरांनी स्वतःच दुखणं ऑफिसात सांगितलं. त्यांना कुणी काढलं नाही.

आता रविवारी सर बोलतात आणि शिवदास करून दाखवतो. शिकायला येणाऱ्या एक बाई पहिल्या दिवशी त्यालाही 'सर' म्हणाल्या. चेष्टा करतायत असं समजून तो दुपारपर्यंत त्यांच्याशी बोललाच नाही.