आज उतरू का?

हुस्नीच्या पायाला भिंगरी होती म्हणावं, तर तो महिनोन्‌महिने एकाच बोटीवर असायचा. भिंगरी होती ती डोक्यात. देशाच्या दक्षिणेला हुवाधू बेटांभोवतीच्या प्रवाळकड्याला समुद्र आत घेणाऱ्या वाटा पुष्कळ आहेत. पाण्याची ओढ कोणत्या वाटेत कधी आत वळते, शार्क तोंडाशी कधी जमतात, ते पाहून तो पाहुण्यांच्या बुड्या आखायचा. आखायचा, मोडायचा, पुन्हा आखायचा. सिलिंडर भरले का, ऑक्सिजनची बाटली गळत तर नाही ना, असं इतक्यांदा विचारायचा की जोडीची गाईड शीझा त्याला पाहिलं की आधीच "हो" म्हणून मोकळी व्हायची. एवढं सगळं जुळून आलं, तरी शेवटचा शब्द देशाच्या उत्तर टोकावरून, त्याच्या आईकडून यायचा.

रोज सकाळी रबरी पोशाख कमरेपर्यंत चढवून तो फोन लावी.

"अम्मा, बरी आहेस ना? आज उतरू का?"

"उतर. आज मी कुठे जात नाही."

कप्तान तोहा सुपारी चघळत म्हणायचा, "पाण्याचं मी सांगतो, वाऱ्याचं मी सांगतो. तुझ्या म्हातारीचं हवामान मात्र आपल्याच्याने होणार नाही, बाबा."

हुस्नी हसायचा नाही. वडील गेले त्या सकाळी तो खोल उतरून आला होता. खोलातून वर आलेल्याने लगेच विमानात बसायचं नसतं. रक्तात बुडबुडे धरतात, माणूस लुळा पडतो, नाहीतर मरतो. बोटीने निघावं तर वाटेतच दिवस गेले असते, आणि बेटावर मयत ताटकळत ठेवत नाहीत. विमान डोक्यावरून गेलं ते पाहत तो धक्क्यावर बसून राहिला, आणि तिकडे वडिलांना माती दिली गेली. अम्माच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच त्याने तेव्हापासून मनाशी धरलं होतं.

या खेपेचे पाहुणे तर पौर्णिमेसाठी वर्षभर थांबले होते. पौर्णिमेच्या ओढीत दक्षिणेच्या मोठ्या वाटेत शार्क इतके दाटतात की पलीकडचं निळं पाणी दिसत नाही. ती बुडी त्याने सफरीच्या शेवटी ठेवली होती. दिवस जवळ आला तसा तो रात्री उठून उठून आखणी तपासू लागला. वारा फिरला तर? पाहुण्यांपैकी कोणी ओढीत वाहून गेलं तर? अम्मा परवा फोनवर खोकत होती, ते कसलं?

त्या सकाळी पाणी हवं तसं लागलं होतं. त्याने फोन लावला.

"अम्मा, आज उतरू का?"

 ती म्हणाली, "नको उतरूस." आणि फोन ठेवला. पुन्हा लावला, तर उचलेना.

तोहाने तोंडातली सुपारी थुंकली. "जा तू. पाहुण्यांचं शीझा बघेल. मी छोटी होडी काढतो."

दोन विमानं आणि एक स्पीडबोट. वाटेत हुस्नीने दुसरं काय करायचं? त्याने दफनाची आखणी केली. कबर कोण खणेल, वडिलांच्या शेजारी जागा उरली आहे का, मालेची मावशी नमाजाला पोहोचेल का. आखता आखता त्याला रडू फुटलं, आणि शेजारच्या माणसाने गुपचूप आपली पाण्याची बाटली पुढे केली.

अंगणाच्या दारातून तो धावतच शिरला. अम्मा खवणीवर बसून नारळ खवत होती.

"आलास? पाय धू. मासहुनी कालवायचीच राहिलीये."

"अम्मा, तुला झालंय काय?"

"मला काय होतंय?"

"मग नको उतरूस का म्हणालीस? माझा जीव टांगणीला लागला होता, कळतंय का तुला?"

अम्माने हातातली करवंटी खाली ठेवली. "रोज सकाळी फोन करतोस. विचारतोस काय, तर म्हातारी आज मरते का. काय खाल्लंस म्हणून विचारलंस कधी? दोन ईदा मी एकटी जेवले. माझ्या जनाजाला खांदा द्यायला गावात ढिगाने पुरुष आहेत, हुस्नी. जेवायला समोर बसायला कोणी नाही."

त्याला फार राग आला होता. तो राग कुठे ठेवावा ते त्याला कळेना. तिने ताटलीत रोशीची पोळी वाढली, वर मासळी-नारळाची मासहुनी घातली. त्याने पहिला घास घेतला आणि डावा हात सवयीने खिशातल्या फोनकडे गेला. मोठ्या वाटेत आता ओढ फिरली असेल, शीझाने माणसं मोजून वर आणली असतील का?

अम्मा ते बघत होती. खोबऱ्याचे हात ओढणीला पुसत तिने हळूच विचारलं, "लगेच निघणार का रे?"

हुस्नीने खिशातला हात बाहेर काढला.

"नाही अम्मा," तो म्हणाला. "आज मी कुठे जात नाही."