काचेतली घुंगुरकाठी

जवसाचं तेल जुन्या लाकडात मुरू लागलं की एक दाट, किंचित कडसर वास सुटतो आणि कितीही हात धुतले तरी तो नखांच्या कडांना धरून राहतो. कोल्हापुरातल्या एका लहानशा खासगी संग्रहालयात नोकरीची बारा वर्षं मी त्या वासात काढली. दुपार कलली की रंकाळ्याच्या बाजूच्या उंच खिडक्यांतून पिवळं ऊन आत यायचं, काचेच्या कपाटांवरून घसरत पितळी समयांवर, लाकडी बैलांच्या पाठींवर, लाल गोंड्यांच्या चपलांवर थोडा वेळ थबकायचं, आणि त्या निर्जीव वस्तूंना असं काही तेज चढायचं की त्या घडवणारे हात नुकतेच बाजूला झाले असावेत असं वाटे. ते हात कुणाचे, हे मात्र आमच्याकडे कुठेच लिहिलेलं नसे.

लिहिण्याचं काम माझंच होतं. अक्षर बरं म्हणून मला घेतलेलं. जाड पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या शाईने वस्तूचं नाव, अदमासे काळ, घडण, आणि शेवटची ओळ ठरलेली – ‘कारागीर : अज्ञात’. साज घडवणारा सोनार अज्ञात, जुनेरं जोडून वाकळ शिवणारी बाई अज्ञात, चपलेवर बारीक वेणी घालणारा म्हातारा तर दोन गल्ल्या सोडून राहायचा आणि तोही अज्ञात. देणगीदार तेवढा कधी अज्ञात नसे. त्याचं नाव मानाच्या पदवीसकट ठळक अक्षरांत येई, आणि तिथे वेलांटी चुकली तर पाटी पुन्हा लिहावी लागे. हे सगळं मी निमूटपणे लिहीत होते, वर त्या वळणदार अक्षरांचा मला अभिमानही होता.

दोन हजार सालाच्या आसपास गडहिंग्लजच्या बाजूच्या एका जुन्या पाटील घराण्याने आपल्या माळ्यावरचं सामान आम्हाला दिलं. गोणपाटात बांधलेल्या त्या ढिगात पानाचे डबे होते, गंजलेले अडकित्ते होते आणि एक काठी होती. पुरुषभर उंचीची, भरीव वेळूची, हाताच्या घामाने काळीभोर आणि गुळगुळीत झालेली. वरच्या टोकाला लोखंडी कडी, कडीत घुंगरांचा घोस, आणि मुठीच्या खाली वीतभर जागेत चाकूने कोरलेल्या खाचा. देणगीच्या यादीत गावाचं नाव होतं. ते माझं गाव होतं.

ती काठी मी आयुष्यात कधी पाहिली नव्हती, तरी गोणपाट सोडल्याबरोबर ओळखली. आमच्या घरात तिचा उल्लेख फार क्वचित व्हायचा, आणि झाला की आई चुलीतला जाळ उगाचच पुढे सारायची. ही येसकराची काठी. गावाची वेस राखणारा, पाटलाचे निरोप वाड्यावस्त्यांवर पोचवणारा, मेलेलं जनावर ओढून नेणारा, आणि संध्याकाळी दारोदार जाऊन, अंगणाबाहेर उभा राहून ही काठी जमिनीवर आपटणारा येसकर. घुंगरं वाजली की घरातल्या बाईने शिळी भाकरी घेऊन बाहेर यायचं आणि ती वरून टाकायची. छप्पन्न साली आमच्या लोकांनी धम्म घेतला आणि हे सगळं टाकलं. मी ते टाकल्यानंतरच्या घरात जन्मले, शाळेत गेले, पदवी घेतली.

आमचे सर, म्हणजे संग्रहालयाचे प्रमुख, सज्जन गृहस्थ होते. त्यांनी काठी दोन्ही हातांनी उचलून उन्हात फिरवली आणि लहान मुलासारखे हरखले. “काय सुंदर वस्तू आहे! ही नाचातली काठी दिसते. आणि ही नक्षी बघा, वीतभर उंचीत किती लय साधलीय.” मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं – ‘लोकनृत्यातील घुंगुरकाठी. मुठीखाली भौमितिक नक्षी. नक्षी अपूर्ण. कारागीर : अज्ञात.’

मी गप्प का बसले, याचं उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजही ते गोड करून सांगावंसं वाटत नाही. माझं आडनाव गावावरून पडलेलं. त्यावरून कुणाला काही कळत नसे आणि कळू नये अशी माझी तजवीज असे. शेजारच्या टेबलावरच्या वहिनी रोज माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी हक्काने उचलायच्या, आणि त्या चिमूटभर चटणीवर मी इतकी संतुष्ट होते की तिच्यासाठी आणखी दहा खोट्या पाट्या लिहिल्या असत्या. मी काठीला दोन दिवस तेल दिलं, चिंचेने घुंगरं लख्ख केली आणि ती काचेत उभी केली.

पुढच्या उन्हाळ्यात अप्पा, माझे वडील, डोळे दाखवायला एसटीने कोल्हापूरला आले. साखर कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य गेलेलं. दवाखान्यातून परतताना म्हणाले, “तुजं म्युझियम दाव की. पोरगी काय करती, कुणी इचारलं तर मला सांगता येत न्हाय.” त्या दिवशी सर बाहेर होते, वहिनी रजेवर होत्या, म्हणूनच मी त्यांना आत नेलं. हेही सांगून टाकते.

अप्पा एकेक पाटी ओठ हलवत वाचत चालले होते. साजापाशी थांबले, वाकळीपाशी हसले. काठीच्या कपाटापाशी मात्र त्यांनी दवाखान्यात डोळ्यांवर बांधलेला हिरवा पडदा वर केला. मग काचेवर बोट टेकवलं.

“ही नक्षी न्हाय गं. आपली चार घरं हुती. पाडव्याला पाळी बदलायची. काठी ज्याच्या दारात यील त्यानं आपली खूण कोरायची, म्हंजी पुन्हा भांडान नको. ह्यो आडवा वार चुलत्याचा. ही फुली वरल्या घरची. ह्या तीन उभ्या खाचा बाळाप्पाच्या. आन् ह्ये दोन तिरपं वार आपलं.”

मी पाहिलं. आडवा, फुली, तीन उभ्या, दोन तिरपे. पुन्हा आडवा, फुली, तीन उभ्या, दोन तिरपे. माणसांची वर्षंच्या वर्षं एकाखाली एक कोरलेली होती आणि आम्ही त्यातली लय वाखाणत होतो. सगळ्यात खाली दोन तिरपे वार होते, आणि त्याखाली नुसता कोरा वेळू.

“शेवटचा वार माझ्या बाचा,” अप्पा म्हणाले. “त्या साली पाळी आमची हुती. धम्म घेऊन आला आन् चावडीच्या दारात काठी आडवी ठिवली. म्हनला, आता ज्याला लागंल त्यानं उचलावी. मी संगट हुतो की, धा वर्साचा. गावानं पानी बंद केलं, कामं बंद केली. पर पुढल्या पाडव्याला बी कुणी उचलली न्हाय. चार घरांतल्या एकानं बी न्हाय.” मग त्यांनी पाटी पुन्हा वाचली. “अपूर्ण कशी म्हनायची ही? पुरी झाली म्हनून तर तितं थांबली.”

“ह्ये कुणी लिवलं?” त्यांनी विचारलं. “सरांनी सांगितलं,” मी म्हणाले. अप्पांनी मान डोलावली. माझी पत्रं त्यांनी वर्षानुवर्षं ट्रंकेत जपून ठेवली होती, माझं अक्षर ते अंधारातही ओळखतील. पण त्यांनी पुढे काही विचारलं नाही, आणि ते न विचारणं मला फार लागलं.

त्या रात्री झोप आली नाही असं लिहिणं सोपं आहे. मला झोप आली. सकाळी उठल्यावर मात्र वाटलं, पुरे झालं. मी सरांसमोर उभी राहून सगळं सांगितलं. काठी कशाची, खाचा कुणाच्या, आणि मी कोण. सरांचा चेहरा उजळला. “अहो, हे तर किती मौल्यवान! तुम्ही आधी का नाही बोललात?” नवी पाटी माझ्याच शब्दांत लिहायला त्यांनी परवानगी दिली. कारागिराच्या ओळीत मी चारही घरांची नावं घातली आणि शेवटी एक वाक्य लिहिलं – ‘छप्पन्न साली ही काठी खाली ठेवण्यात आली, त्यानंतर त्या घरांतील कुणीही ती वाजवलेली नाही.’ वहिनींनी त्या दिवसापासून चटणी खाणं सोडलं. पित्त वाढलंय म्हणाल्या. त्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण पाटीकडे पाहिलं की ते वाईट वाटणं हलकं व्हायचं.

काठीसाठी केलेल्या नव्या दालनाचं उद्घाटन ठरलं तेव्हा सरांनी अप्पांना आग्रहाने बोलावून घेतलं. अप्पा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. भाषणं झाली, हार झाले, त्यांच्या गळ्यातही एक पडला. सगळे कपाटाभोवती जमले तेव्हा सर अगदी प्रेमाने म्हणाले, “अप्पा, काठी जरा हातात घ्या. फोटोग्राफर थांबलेत. एकच फोटो.”

“नगं सर,” अप्पा म्हणाले. “आमी ठिवल्याली हाय ती.”

सरांना वाटलं, म्हातारा लाजतोय. ते हसले, इतरही हसले, आणि सर माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही द्या बघू त्यांच्या हातात. तुमचं ऐकतील.” कपाटाची किल्ली माझ्याकडेच असे. मी कुलूप उघडलं. का उघडलं, हे मी स्वतःला शेकडो वेळा विचारलंय. इतक्या वर्षांच्या नोकरीची सवय म्हणावी, तर ते पुरेसं नाही. सर्वांदेखत माझं नाव घेतलं गेलं होतं, सगळे माझ्याकडे कौतुकाने पाहत होते, आणि ते कौतुक मला हवं होतं. मी काठी उचलली आणि चार पावलं चालत अप्पांकडे गेले. दालनात घुंगरं वाजली. मी लख्ख केलेली ती घुंगरं फार स्वच्छ वाजली.

अप्पा मागे सरत सरत भिंतीला टेकले. त्यांचे हात पाठीमागे होते आणि नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, काठीच्या टोकावर होती. तेवढ्यात फ्लॅश चमकला. “ठिव जा,” ते हळूच म्हणाले, आणि मी ठेवली.

स्टँडवर गडहिंग्लजची गाडी लागेपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. उसाचा रस प्यायलो. गाडीत चढताना दांड्याला धरून ते वळले आणि कुणाला तरी हवापाण्याबद्दल सांगावं तशा साध्या सुरात म्हणाले, “वाजवत आलीस की गं.” त्यानंतर ते सहा वर्षं होते, पण कोल्हापूरला पुन्हा आले नाहीत. मी गावी गेले की नेहमीसारखं बोलत, पेरू कापून देत, नोकरीचं मात्र काही विचारत नसत.

ती पाटी अजून तिथे आहे. नोकरी सोडून मला बरीच वर्षं झाली, तरी मधूनच जाऊन पाहून येते. शाळेच्या सहली येतात, एखादी शिक्षिका मुलांना ती मोठ्याने वाचून दाखवते, शेवटच्या वाक्याशी तिचा आवाज जरा भरून येतो आणि मुलं माना वर करून काठीकडे पाहतात. मी मागे उभी असते. ते वाक्य बदलायला हवं, हे मला कळतं. पण खरं लिहायचं झालं, तर त्या जागी माझं नाव लिहावं लागेल.