जोडीच्या नसलेल्या खुर्च्या

बरंबुवांना 'नाही' म्हणताना कुणी कधी ऐकलं नव्हतं. एरवी यात नवल करण्यासारखं काही नाही. जगात होयबा पुष्कळ. पण बुवा राहत होते प्रश्नाई देवीच्या माणसांत, आणि ती माणसं सकाळी दात घासता घासता एकमेकांना खोडून काढत. अशांत 'बरं' म्हणणारा माणूस म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यांबरोबर येऊन काठावर त्यांचे कपडे सांभाळणारा. खरं नाव कधीच मागे पडलं आणि ते बरंबुवा झाले.

त्यांचा धंदा वेताच्या खुर्च्या विणायचा. दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. दाराशी पाण्याचं घमेलं, त्यात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या, आणि दारावरच्या दांडीला टांगलेल्या बिनबैठकीच्या चौकटी. दुपारचं ऊन आत आलं की त्या चौकटींच्या सावल्या जमिनीवर पडत. रस्त्यावरून कुणी गेलं की त्याची सावली त्यांच्यावरून सरके, आणि असं वाटे की जाणारा माणूस क्षणभर खुर्चीत टेकला आणि उठून गेला. बुवा काम करता करता ते बघत बसत. कुणी उंच, कुणी पाठीत वाकलेला, सगळे जरा जरा बसून जात.

"बुवा, परवा हवी हं खुर्ची."

"बरं."

"परवा कशाला, उद्याच द्या की."

"बरं."

आणि उद्या खुर्ची तयार असे. बोलायला नाही तरी शब्दाला पक्का माणूस.

दुकानाच्या वर प्रश्नाईची खोली होती. प्रश्नाईला मूर्ती नाही. गोष्ट अशी सांगतात, की फार पूर्वी माणसांनी थकून भागून देवीला बोलावलं आणि सांगितलं, एकदा काय ते उत्तर देऊन टाक, म्हणजे आम्ही निवांत झोपू. देवी आली ती रिकाम्या हातांनी. तिच्यासाठी दोन खुर्च्या मांडल्या होत्या, तिने दोन्ही सोडल्या आणि मधे जमिनीवर बसकण मारली. म्हणाली, "तुमचं काय म्हणणं आहे?" माणसं अजून तेच सांगताहेत.

म्हणून खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर, आणि मधे रोज झाडलेली मोकळी जमीन. ती जागा कुणी ओलांडत नाही, वळसा घालून जातात. मांजर तेवढं ओलांडतं. त्यावरही एकदा आठवडाभर वाद झाला होता.

बैठकीची रीत साधी होती आणि जीव काढणारी. एकाने आपलं म्हणणं मांडायचं. दुसऱ्याने लगेच उत्तर द्यायचं नाही. आधी पहिल्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि विचारायचं, "असंच ना?" समोरचा "असंच" म्हणाला, तरच पुढे बोलायची मुभा. कितीतरी बैठका या 'असंच ना'पाशीच संपत. ते पार पडलं, की उठून खुर्च्या बदलायच्या आणि ज्याला इतका वेळ विरोध केला त्याची बाजू मनापासून लढवायची. तिथे कुचराई केली तर 'पोकळ बोलला' म्हणत, आणि प्रश्नाईच्या माणसांत याहून मोठी शिवी नव्हती. निकाल कुणी देत नसे. शेवटी दोघं आपापल्या जागी परतत, एकेक वाक्य बोलत, आणि घरी जात.

मुलांना सुट्टीच्या दिवशी हेच शिकवत. पहिलं वर्षभर मुलाने उत्तर म्हणून द्यायचंच नाही, नुसतं शेजाऱ्याचं ऐकून परत सांगायचं. एकदा एक चिमुरडी म्हणाली, "झोपेत मी कुठे असते?" शेजारचा मुलगा गंभीरपणे म्हणाला, "तुझं म्हणणं, तू पलंगावरून पडतेस. असंच ना?" ती म्हणाली, "नाही." दुपार सरली तरी ती 'नाही'च म्हणत होती, आणि जिन्यावर उभं राहून ऐकणारे बुवा हसून हसून खाली बसले होते.

या मुलांना शिकवणारी बुवांची लेक. तिच्याआधी तिची आई शिकवायची. बुवांची बायको म्हणजे त्या खोलीची शान. ती बोलायला बसली की रस्त्यावरची माणसं वर येऊन जिन्यात दाटीने बसत. ती गेल्याला बरीच वर्षं झाली होती. दोन खुर्च्यांतल्या जुन्या खुर्चीत ती बसे, आणि त्या खुर्चीचा वेत खाली झुकला होता. गावभरच्या खुर्च्या विणणाऱ्या बुवांनी वरच्या मजल्यावरची ही एक खुर्ची तेवढी दुरुस्त केली नव्हती. पाववाला, जो खोलीत सगळ्यांत जास्त बोले, म्हणायचा, "यात बसलं की गुडघे हनुवटीला लागतात हो. वाद घालू की उठायचा विचार करू?"

"बरं," बुवा म्हणायचे, आणि खुर्ची तशीच राहायची.

एके दिवशी दूरच्या बंदराच्या गावाहून निरोप आला. तिथल्या चार घरांना प्रश्नाईची खोली उघडायची होती. मिठाचं एक जुनं कोठार मिळालं होतं, मुलं जमली होती, शिकवणारं कुणी नव्हतं. बुवांच्या लेकीला पाठवाल का?

नवी खोली उघडायची तर एक रीत होती. आईखोलीतल्या, म्हणजे मूळच्या खोलीतल्या, दोन खुर्च्यांतली जुनी तिकडे जायची, तिथली दुसरी तिथलेच लोक करायचे, आणि तिच्या जागी इथे नवी करायची. ती होईपर्यंत जुनी हलवायची नाही, कारण देवीसमोर एकच खुर्ची ठेवणं म्हणजे एकट्याने बडबडणं. त्यामुळे कुठल्याही गावी जा, प्रश्नाईच्या खोलीतल्या दोन खुर्च्या कधी जोडीच्या दिसायच्या नाहीत.

लेकीने विचारलं, "बाबा, जाऊ मी?"

"बरं."

"मग नवी खुर्ची कराल?"

"बरं."

आणि खुर्ची होईना. आधी वेत फार कोरडा होता, मग फार भिजला. मग चौकटीचं लाकूड जरा मुरू दे म्हणाले. गिऱ्हाइकांच्या खुर्च्या एकामागून एक दाराबाहेर पडत होत्या. ही चौकट मात्र दांडीला लटकलेली. खरं तर बुवांना स्वतःलाही उमगत नव्हतं. सकाळी ते तीच चौकट मांडीवर घ्यायचे, पट्टी भोकात ओवायचे, खुंटी मारायचे. मग ऊन आत यायचं, सावल्या बसून बसून जायच्या, आणि संध्याकाळी बघावं तर हातात दुसऱ्याच कुणाची खुर्ची पुरी झालेली.

बंदरावरून दुसरा निरोप आला: खोली झाडून ठेवली आहे. मग तिसरा: पुन्हा झाडली. आणि थंडी सरायच्या आत कुणी आलं नाही, तर कोठारवाला जागा दुसऱ्याला देणार आहे.

तेव्हा लेक वर गेली आणि तिने प्रश्न मांडला. वेत आहे, चौकट आहे, हात आहेत. मग खुर्ची का होत नाही?

बैठक चालवायची सुईणआजी. अर्धं गाव तिच्या हातांवर जन्मलेलं, त्यामुळे कुणाच्या बोलण्याचा तिच्यावर दाब पडत नसे. तिने बुवांना बोट दाखवून बसायला सांगितलं. एवढ्या वर्षांत बुवा प्रथमच बैठकीत खुर्चीवर बसत होते. समोर आईच्या खुर्चीत लेक, गुडघे वर आलेले.

"बोल," सुईणआजी म्हणाली.

"वेत भिजायचाय अजून," बुवा म्हणाले.

खोली हसली. पाववाला म्हणाला, "एवढ्या दिवसांत तर झाड उगवलं असतं, बुवा."

"तू गप रे," सुईणआजी म्हणाली. "वेताला नाही विचारलं, बुवा. तुला विचारलंय."

बुवा गप्प झाले. प्रश्नाईच्या खोलीत गप्प राहायला मुभा असते, कुणी खोकतसुद्धा नाही. खिडकीतून ऊन येऊन मधल्या मोकळ्या जागेवर पडलं होतं, आणि त्यात धूळ इतकी सावकाश फिरत होती की जणू तिथे कुणी बसून श्वास घेत होतं.

लेकीने वाट पाहिली. मग ती म्हणाली, "तुमचं म्हणणं, मी जाऊ नये. असंच ना?"

बुवांनी मान हलवली. तसं नव्हतं.

"तुमचं म्हणणं, आईची खुर्ची जाऊ नये. असंच ना?"

तेही नव्हतं. म्हणजे होतं, पण पुरतं नव्हतं. बुवा आपल्या हातांकडे बघत राहिले, आणि मग त्यांना न विचारताच शब्द बाहेर पडले. "मी 'बरं' कुणाला म्हणू?"

कुणी हसलं नाही.

"तुमचं म्हणणं असं," ती हळू म्हणाली, "की तुम्ही 'बरं' म्हणायचात ते मत नव्हतं म्हणून नाही. समोर आधी आई होती, मग मी. आम्ही बोलायचो, त्यात तुमचंही बोलून व्हायचं. आता समोर कुणी उरणार नाही. असंच ना?"

"असंच," बुवा म्हणाले.

मग लेकीने आपलं म्हणणं मांडलं: मुलं जमली आहेत, शिकवणारं कुणी नाही, आणि मला शिकवता येतं. बुवांनी ते परत सांगितलं, तिने "असंच" म्हटलं, आणि दोघं उठून मोकळ्या जागेला वळसा घालून एकमेकांच्या जागी बसली. बुवा बायकोच्या खुर्चीत खाली गेले, गुडघे वर आले, आणि तिथून खोली वेगळीच दिसली. त्यांना इतकी वर्षं फक्त जिन्यावरून ती खोली माहीत होती. इथून खिडकीतलं आभाळ दिसत होतं. आपली बायको बोलताना मधेच वर का बघायची, ते त्यांना आत्ता कळलं.

आणि बुवा लेकीच्या बाजूने बोलू लागले.

"मला इथे सगळे ओळखतात," ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण कुणी ऐकलेला नव्हता. "मी तोंड उघडलं की म्हणतात, अगदी आईसारखी बोलते. चांगलं बोलले तरी आईचं, चुकले तर आईचं नाव घालवलं. मला एकदा अशा जागी चुकायचंय, जिथे ते माझंच चुकणं असेल. आणि हे मी घरी सांगितलं नाही, कारण बाबांना वाटेल, आईचा कंटाळा आला. कंटाळा नाही आला. तिची खुर्ची तर मी उचलून नेतेय."

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. यातला एक शब्दही ती कधी बोलली नव्हती. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

"आता तुझी पाळी," सुईणआजी म्हणाली.

लेक वडिलांच्या बाजूने बोलायला लागली आणि अडखळली. तिने वडिलांसारखे हात मांडीवर ठेवले. "मी नको म्हणालो, तर ती थांबेल," ती म्हणाली. "एकदाच म्हणालो तरी थांबेल. म्हणून मी म्हणत नाही. मी 'बरं'च म्हणतो. आणि मग माझे हात 'नको' म्हणत बसतात." एवढंच ती बोलली. पोकळ बोलली, असं मात्र कुणी म्हणालं नाही.

दोघं आपापल्या जागी परतली. शेवटचं एकेक वाक्य राहिलं होतं.

लेक म्हणाली, "मी थांबते."

बुवा म्हणाले, "तू जा."

खोलीत चुळबुळ झाली. दोघांनीही एकमेकांच्या बाजूला जाऊन परत न येणं, असं क्वचितच होई. पाववाल्याने बाहीने नाक पुसलं आणि म्हणाला, "झालं. म्हणजे आता खुर्ची एकटीच जाणार वाटतं बंदरावर."

"देवी निकाल देत नाही," सुईणआजी गुडघ्यांवर हात टेकून उठत म्हणाली. "घरी जा दोघं."

जिना उतरताना लेक म्हणाली, "बाबा, मी ठरवलंय. नाही जात. त्यांना कळवू, दुसरं कुणी बघा म्हणून."

बुवा एका पायरीवर थांबले. "नाही," ते म्हणाले.

त्या शब्दाने दोघंही दचकली. लेकीने कठड्याला धरलं. बुवांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. खारट नव्हता, कडू नव्हता. "नाही," ते पुन्हा म्हणाले. "तसं नाही चालायचं, बाळ. मी उद्या विणायला बसतो."

आणि बसले. दांडीची चौकट उतरवली, घमेल्यातल्या पट्ट्या निथळल्या. लेक समोर पाटावर बसून लहानपणी द्यायची तशी एकेक पट्टी हातात देऊ लागली. फारसं कुणी बोललं नाही. मधेच ती म्हणाली, "आईची खुर्ची तिकडे नेण्याआधी नव्याने विणाल का? पोरं बुडतील त्यात."

"नाही," बुवा म्हणाले, आणि आता ते हसत होते. "बुडू देत. तिथून आभाळ दिसतं."

"ते तर या खिडकीमुळे, बाबा. तिकडे कोठार आहे."

"मग भिंतीत खिडकी पाडून घे."

थंडी सरायच्या आत लेक गेली. बसच्या टपावर खुर्ची उलटी बांधली होती, चारही पाय आभाळाकडे. बस वळेपर्यंत बुवांना लेक दिसली नाही, कारण गर्दी होती; ते चार पाय तेवढे दिसत राहिले.

त्यानंतरच्या बैठकीला बुवा नेहमीसारखे जिन्यावर उभे होते. जुनी खुर्ची होती तिथे नवी, पिवळीधमक, अजून कुणी न बसलेली. पाववाला दुसऱ्या खुर्चीत ऐसपैस बसून मांडत होता, की माणूस एकटा असतो तेव्हाच खरा विचार करतो, माणसं जमली की नुसता गलका होतो. सवयीने तो जिन्याकडे वळून म्हणाला, "काय बुवा?"

आणि 'बरं' येणार म्हणून तो पुढे बोलूही लागला होता.

"मला तसं वाटत नाही," बुवा म्हणाले.

सुईणआजीने नव्या खुर्चीकडे बोट केलं. बुवा मोकळ्या जागेला वळसा घालून गेले आणि टेकले. नवा वेत त्यांच्याखाली करकरला, आणि पाववाला तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे बघत राहिला.

"आधी तुझं म्हणणं सांगतो," बुवा म्हणाले. "चुकलं तर सांग."