अमावास्येला बिट काढणं

आम्ही बौद्ध. अमावास्येशी आमचं काही देणंघेणं नव्हतं, पण गिऱ्हाइकांचं होतं. पोखर्णीकडचा शेतकरी त्या दिवशी औत धरायचा नाही आणि दुरुस्त झालेला रेडिओही घरी न्यायचा नाही. त्यामुळे परभणीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीतलं दादाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान दर अमावास्येला ओस पडायचं, आणि दादा सोल्डरिंग आयर्न खोलून बसायचा.

थंड आयर्नचा स्क्रू ढिला करायचा, तांब्याचं पुढचं टोक, म्हणजे बिट, नळीतून ओढायचं, काळी खपली घासून काढायची, नळी टेबलावर हलके ठोकायची, बिटाच्या दांड्यावर पेन्सिलीचं शिसं चोळायचं, परत बसवायचं. हे राहिलं की बिट नळीतच धरतं, आणि ओढताना आतलं एलिमेंट तुटतं. आई म्हणायची, एवढी निगा स्वतःच्या केसांची राखली असतीस तर एव्हाना सून आली असती. दादा हसायचा, केस तसेच राहायचे.

नामांतराच्या दंगलीनंतर खेड्यातली माणसं आमच्या वस्तीत यायला कचरू लागली. फळीवर रेडिओपेक्षा धूळ जास्त दिसू लागली. शेवटी दादा पुण्याला एका कारखान्यात लागला. निघताना मला म्हणाला, "अमावास्येला बिट काढत जा, न्हाई तर जाम होईल. मी आलो की लगेच कामाला बसतो."

मी काढत राहिले. कॅलेंडरात अमावास्या शोधणारी आमच्या वस्तीत मी एकटीच असेन. टेबलाचा खण उघडला की सोल्डरिंगच्या राळेचा वास यायचा आणि दादाची फार आठवण यायची.

पुढे एकदा जयंतीला तो आला. जेवण झाल्यावर टेबलाशी गेला, स्क्रू फिरवला, बिट अलगद हातात आलं. बराच वेळ ते बोटांत फिरवत राहिला. कारखान्यात खराब बिट सरळ फेकून देतात, असं सांगत होता. मग ते बसवून स्क्रू आवळताना, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता न्हाई काढलंस तरी चालंल."

तो परत येणार नाही, हे मला तेव्हा कळलं. चुलीपाशी जाऊन मी रडले.

त्यानंतर रागानं मी कितीतरी वर्षं आयर्नला हात लावला नाही. अजून ते माझ्याकडेच आहे. बिट असं धरलंय की पकडीनंही हलत नाही. आणि तरी अमावास्या आली की जीव वरखाली होतो: दादा आज आलाच, तर कामाला कसा बसेल?